डोमेनवर कॅच-ऑल पत्ता लावताना होणाऱ्या या चुका टाळा

आपल्या डोमेनवर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर आलेले पत्रही परत न पाठवता एका ठरावीक पेटीत घेण्याची जी सोय असते, तिला कॅच-ऑल म्हणतात. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलवर एक खूण केली की ती सुरू होते, आणि तिच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या सोपेपणातच आहे, असे माझे मत झाले आहे. लहान संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळताना मी त्याच त्या चुका इतक्या वेळा निस्तरल्या आहेत की, आता कोणी 'कॅच-ऑल लावून द्या, म्हणजे एकही पत्र हुकणार नाही' असे म्हणाले, तर मी आधी एकच प्रश्न विचारतो: ती पेटी रोज कोण वाचणार?

सुरू करून विसरून जाणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे आणि ती नुकसान करत असताना कोणाच्याही लक्षात येत नाही.

पाठवणाऱ्याचा सर्व्हर आपल्या सर्व्हरशी जोडला गेला की, पत्राचा मजकूर देण्यापूर्वी तो 'आरसीपीटी टू' या आदेशाने पत्ता सांगतो आणि उत्तराची वाट पाहतो. तसा पत्ता नसेल तर आपला सर्व्हर ५५० या क्रमांकाने नकार देतो, आणि पाठवणाऱ्याला त्याच्याच सर्व्हरकडून काही क्षणांत 'असा पत्ता नाही' अशी सूचना मिळते. तो पत्ता तपासतो, चुकलेले अक्षर सुधारतो आणि पत्र पुन्हा पाठवतो. कॅच-ऑल लावल्यावर मात्र प्रत्येक पत्त्याला २५० हा होकार मिळू लागतो. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना पत्रे देण्याची ठरलेली पद्धत, हिच्या २००८ च्या मानकात, म्हणजे आरएफसी ५३२१ मध्ये (आरएफसी ही इंटरनेटचे नियम सांगणारी क्रमांकित कागदपत्रे), पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरने त्याची जबाबदारीही स्वीकारलेली असते असे स्पष्ट म्हटले आहे. पत्र पोहोचवायचे, आणि ते जमले नाही तर तसे कळवायचे. न वाचल्या जाणाऱ्या पेटीत पत्र टाकणारा सर्व्हर तांत्रिकदृष्ट्या ही अट पाळतो. माणसाच्या दृष्टीने मात्र ते पत्र हरवलेलेच असते, आणि ते हरवले आहे हे पाठवणाऱ्याला कळण्याचा एकमेव मार्ग आपण बंद केलेला असतो.

एका लहान संस्थेने मला बोलावले होते ते सर्व्हरची डिस्क भरत आल्यामुळे. जागा कुठे गेली हे शोधताना कॅच-ऑलची पेटी सापडली. ती लावणारी व्यक्ती संस्था सोडून गेली होती आणि जवळजवळ चार वर्षे ती पेटी कोणीही उघडली नव्हती. सगळे पुसून टाकण्याची परवानगी मला मिळाली होती, परंतु पुसण्यापूर्वी खरी पत्रे वेगळी काढावीत म्हणून मी वाचायला बसलो. त्यात एका उमेदवाराचे पत्र होते. मुलाखतीचे निमंत्रण मिळाले आहे, सांगितलेल्या दिवशी येऊ शकतो, एवढाच मजकूर होता. भरतीच्या पत्त्यातले एक अक्षर मात्र गळले होते. आठ दिवसांनंतरचे दुसरे पत्र वेळ निश्चित करण्याची विनंती करणारे होते. तिसऱ्या पत्रात त्याने, आपल्याकडून काही चूक झाली का, असे विचारले होते. तिन्ही पत्रे त्याच चुकीच्या पत्त्यावर आली होती, कारण पहिले पत्र परत न गेल्यामुळे त्याच्या मेल प्रोग्रॅमने तो पत्ता योग्य समजून लक्षात ठेवला होता आणि पुढे आपणहून तोच सुचवला होता. संस्थेच्या दप्तरात त्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' अशी नोंद होती. कॅच-ऑल नसते तर त्याला पहिल्याच मिनिटाला चूक कळली असती.

त्या दिवसापासून मी पाळत आलेली पद्धत सांगतो. ती कोणत्याही पुस्तकातली नाही. कॅच-ऑल मी मुदतीने लावतो. सुरू करतानाच बंद करण्याची तारीख लिहून ठेवतो, सहसा तीन महिन्यांनंतरची, आणि रोज पेटी वाचणाऱ्या माणसाचे नावही तिथेच लिहितो. नाव सुचत नसेल तर कॅच-ऑल लावत नाही. वहीत रोज तीन गोष्टींची नोंद होते: कोणत्या पत्त्यावर पत्र आले, ते खऱ्या माणसाचे होते का, आणि त्याचे काय केले. साधारण दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होऊ लागते, कारण माणसे नव्या नव्या चुका फारशा करत नाहीत. आपली नावे रोमन अक्षरांत लिहिताना 'ई'साठी एक 'आय' की दोन 'ई', 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', असे ठरावीक पर्याय पुन्हा पुन्हा दिसतात. शिवाय सोडून गेलेल्या सहकाऱ्यांचे जुने पत्ते असतात आणि कधीकाळी छापलेल्या पत्रकातला एखादा चुकीचा पत्ता असतो. यांपैकी ज्या पत्त्यांवर खरी माणसे लिहितात, त्या प्रत्येकासाठी मी स्वतंत्र एलियस, म्हणजे आलेले पत्र खऱ्या पेटीकडे वळवणारा पर्यायी पत्ता, करतो आणि मुदत संपली की कॅच-ऑल काढून टाकतो. मग नेहमीच्या चुका योग्य माणसाकडे पोहोचतात आणि उरलेल्यांना प्रामाणिक नकार मिळतो. एकट्या व्यक्तीचे डोमेन असेल आणि ती रोज पेटी पाहत असेल, तर कॅच-ऑल कायम ठेवायलाही माझी हरकत नाही. संस्थेसाठी मात्र मी तशी शिफारस कधीही करत नाही.

'उरलेसुरले' म्हणजे काय हे न तपासणे

दुसरी चूक घाईची आहे. नवशिक्याची समजूत अशी असते की, खऱ्या पेट्यांना त्यांची पत्रे मिळतील आणि जे उरेल तेवढेच कॅच-ऑलमध्ये पडेल. अनेक तयार पॅनेलांवर तसेच घडते, आणि त्यामुळे ही समजूत पक्की होते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमवर आभासी पेट्या (सर्व्हरवर वेगळे खाते नसलेल्या, फक्त सारणीत नोंदलेल्या) असतील तर असे गृहीत धरता येत नाही. तिथे एलियसची सारणी पेट्यांच्या सारणीच्या आधी पाहिली जाते. एलियसच्या सारणीत पूर्ण पत्त्याची नोंद डोमेनच्या सर्वसाधारण नोंदीपेक्षा वरचढ ठरते हे खरे, पण हा अग्रक्रम त्याच सारणीपुरता असतो. एखाद्याची पेटी दुसऱ्या सारणीत असेल आणि एलियसच्या सारणीत त्याचे नावच नसेल, तर संपूर्ण डोमेनसाठी लिहिलेली कॅच-ऑलची ओळ त्याचेही पत्र गिळते. उपाय सोपा आहे: प्रत्येक खऱ्या पेटीसाठी एलियसच्या सारणीत 'हा पत्ता याच पत्त्याकडे' अशी नोंद करायची. ती वाचताना निरर्थक वाटते आणि म्हणूनच वगळली जाते.

एका ठिकाणी शनिवारी रात्री कोणीतरी ही एक ओळ घातली, सर्व्हरला सेटिंग पुन्हा वाचायला लावले, एका काल्पनिक पत्त्यावर चाचणीचे पत्र पाठवले, ते कॅच-ऑलमध्ये आलेले पाहिले आणि काम झाले असे कळवले. सोमवारी दुपारपर्यंत नऊ जणांना एकही पत्र आले नाही, आणि प्रत्येकाला वाटले की आज काम कमी आहे. सगळी पत्रे एका लिपिकाच्या पेटीत जमा झाली होती. त्यांत पगारासंबंधीचे दोन ई-मेल होते, आणि एका कर्मचाऱ्याचा वैद्यकीय अहवालही होता, जो त्या लिपिकाने उघडूनही पाहिला होता, कारण आपल्या पेटीत आलेले पत्र आपलेच असणार असे त्याला वाटले. त्याचा यात काहीही दोष नव्हता. सुदैवाने त्या सर्व्हरवर प्रत्येक पत्राला 'एक्स-ओरिजिनल-टू' हे हेडर (पत्राच्या वर जोडलेली माहितीची ओळ) जोडले जात होते, त्यामुळे मूळ पत्ता पाहून दोन दिवसांची पत्रे मला ज्याची त्याला परत वाटता आली. उघडला गेलेला अहवाल मात्र पुन्हा बंद करता आला नाही.

चाचणी करणाऱ्याने फक्त नवी सोय चालते का एवढेच पाहिले, आधी चालत असलेले अजून चालते का हे पाहिले नाही. मी कॅच-ऑल लावल्यावर नेहमी तीन पत्रे पाठवतो: एक खऱ्या पेटीला, एक खऱ्या एलियसला आणि एक कुठेही नसलेल्या पत्त्याला. तिन्ही पत्रे त्या डोमेनबाहेरच्या खात्यातून पाठवतो. तिन्ही जिथे पोहोचायला हवीत तिथे पोहोचल्याशिवाय मी जागेवरून उठत नाही, आणि शनिवारी रात्री तर असे काम हातीच घेत नाही. पॅनेल कोणतेही असो, ही तीन पत्रे पाठवाच. त्याला पाच मिनिटे लागतात आणि ती वाचवण्याचा मोह मला आजवर समजलेला नाही.

कॅच-ऑल बाहेरच्या खात्याकडे फॉरवर्ड करणे

वेगळी पेटी उघडायचा कंटाळा म्हणून सगळे टपाल एखाद्या मोफत मेलखात्याकडे वळवले जाते. कॅच-ऑलमध्ये स्पॅमचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि आपण ते स्वतःच्या सर्व्हरच्या नावाने पुढे ढकलत असतो. स्वीकारणाऱ्या सेवेला स्पॅम पाठवणारा सर्व्हर आपलाच दिसतो, आणि काही दिवसांत आपली साधी, खरी पत्रेही तिथल्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊ लागतात. शिवाय एसपीएफची, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याच्या यादीची, तपासणी पत्र देणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून होते. मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत आपला सर्व्हर नसल्यामुळे ती फसते, आणि पत्रावर डीकेआयएमची (मूळ डोमेनची डिजिटल) सही नसेल तर डीमार्कचे (या तपासण्या फसल्यास पत्राचे काय करायचे हे सांगणारे) कडक धोरण असलेल्या डोमेनचे पत्र सरळ नाकारले जाते. एसआरएस (पुढे पाठवताना सर्व्हरला सांगितला जाणारा पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करण्याची पद्धत) वापरून एसपीएफची अडचण सोडवता येते, पण स्पॅम पुढे पाठवल्याचा ठपका त्याने जात नाही. पत्रे आपल्याच सर्व्हरवर वेगळ्या पेटीत ठेवावीत आणि आयमॅपने, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने, वाचावीत.

'टू'वर विसंबून चाळणी लावणे

पत्रात दिसणारे 'टू' आणि सर्व्हरला सांगितलेला पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीसीसीने आलेल्या पत्रात तुमचा पत्ता 'टू'मध्ये नसतोच. चाळणी लावायची असेल तर 'डिलिव्हर्ड-टू', 'एक्स-ओरिजिनल-टू' किंवा 'एन्व्हलप-टू' यांपैकी तुमचा सर्व्हर जे हेडर जोडतो ते पाहा.

कॅच-ऑलवर स्वयंचलित उत्तर ठेवणे

हे कधीही करू नका. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे तुमचे उत्तर तिसऱ्याच निरपराध माणसाकडे जाते.

याच्या उलट दिशेचा त्रासही होतो. कोणीतरी तुमच्या डोमेनवरचे बनावट पत्ते पाठवणारा म्हणून वापरतो आणि जगभरातून परत आलेल्या पत्रांच्या सूचना तुमच्या कॅच-ऑलमध्ये कोसळतात. अशा सूचनांच्या लिफाफ्यावर, म्हणजे सर्व्हरला सांगितलेल्या माहितीत, पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो. ज्या पत्त्यावरून मी कधीच काही पाठवलेले नाही, त्यावर रिकाम्या लिफाफ्याने आलेली सूचना माझ्या कोणत्याही पत्राबद्दल असू शकत नाही. म्हणून मी ज्यांवरून पत्रे पाठवतो त्यांच्या यादीत नसलेल्या पत्त्यांवरच्या अशा सूचना मी दारातच नाकारतो. पत्र स्वीकारून नंतर ते परत पाठवणे हा मात्र उपाय नव्हे, कारण मग आपणच दुसऱ्यांना तो त्रास देऊ लागतो.

पोस्टमास्टर आणि अब्यूज हे पत्ते कॅच-ऑलच्या भरवशावर सोडणे

पहिला, म्हणजे मेल सर्व्हरच्या अडचणी कळवण्याचा पत्ता, आरएफसी ५३२१ नुसार असलाच पाहिजे; दुसरा, म्हणजे गैरवापराची तक्रार करण्याचा पत्ता, १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये सांगितलेला आहे. दोन्हींसाठी खरे एलियस करा.

दुसऱ्याचे पत्र आपले समजणे

एखाद्या मोठ्या संस्थेच्या नावाशी तुमच्या डोमेनचे साम्य असेल, तर तिची पत्रे तुमच्याकडे येतीलच. २०११ मध्ये पीटर किम आणि गॅरेट गी या सुरक्षा-संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या उपडोमेनमधला टिंब गाळल्यावर जी नावे तयार होतात, ती डोमेने विकत घेऊन त्यांवर येणारे सर्व टपाल स्वीकारले. सहा महिन्यांत त्यांच्याकडे १,२०,००० पत्रे, म्हणजे सुमारे २० गिगाबाइट मजकूर जमा झाला. त्यांनी धोका दाखवून देण्यासाठी हे केले होते. आपल्याकडे अशी पत्रे अनाहूतपणे येतात तेव्हा पहिल्या दोन ओळींवरून ते आपले नाही हे कळताच मी वाचणे थांबवतो, जोडलेली फाइल उघडत नाही आणि त्यातल्या 'खाते निश्चित करा' यांसारख्या दुव्याला हात लावत नाही. पाठवणारा खरा माणूस दिसला तर त्याचा मजकूर न जोडता एका वाक्याचे उत्तर लिहितो: तुमचे पत्र चुकीच्या डोमेनवर आले आहे, मी ते पुसले आहे, पत्ता तपासावा. मग खरोखर पुसतो. 'कधी उपयोगी पडेल' म्हणून ते ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

डोमेनच चुकले तर कॅच-ऑल काहीही करू शकत नाही, हेही अनेकांच्या ध्यानात नसते. उलट, कॅच-ऑलच्या जोरावर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा पत्ता देणाऱ्यांनी डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख डोळ्यांसमोर ठेवावी. डोमेन हातून गेले आणि नव्या मालकाने त्यावर कॅच-ऑल लावले, तर तुमच्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच्याकडे जाऊ शकतो. म्हणून डोमेन सोडायचे ठरले तरी सगळ्या खात्यांचे पत्ते बदलून झाल्यावर मी ते आणखी निदान दोन वर्षे स्वतःकडे ठेवतो. त्या काळात त्यावर टपाल घ्यायचे नसते, म्हणून आरएफसी ७५०५ मध्ये सांगितलेली रिकामी एमएक्स नोंद लावतो (एमएक्स नोंद म्हणजे डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर घेतो हे सांगणारी नोंद). पाठवणाऱ्याचा सर्व्हर ती वाचतो आणि हे डोमेन टपाल घेत नाही असे त्याला तिथल्या तिथे कळवतो.