चाळीस फुटांना कोण काय उचलणार?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीतल्या आमच्या पतसंस्थेत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा मी निर्धास्त होतो. लेजरं कपाटाच्या वरच्या खणात हलवली होती ना! आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि तो खणही बुडाला. आठवड्यानं पहारीनं दार उचकटलं, तर लेजरांची एकच वीट झालेली. सचिव मी, चूकही माझीच.

तेव्हापासून आम्ही पुलावरच्या फुटांवर कामं बांधून टाकली. इशारा पातळी ४०, धोक्याची ४५. पण आमचं काम ३० लाच सुरू होतं : सोनेतारणाची पाकिटं आणि कर्जाची मूळ कागदपत्रं विश्रामबागच्या शाखेत, दोघांच्या सह्यांनी यादी करून. ३५ ला सीपीयू आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. ४० ला मेन स्विच बंद, कुलूप, सगळे घरी. त्यानंतर टेम्पोवाला दुप्पट भाडं देऊनही येत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढला की पुढच्या आकड्याची वाट न बघता एक पायरी आधी हला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही, यावरून काय भांडायचं ते पाणी उतरल्यावर भांडू.

प्रत्येक कामापुढे नाव हवं, ‘कर्मचारी’ असं मोघम नको. ते नाव गावाला गेलं तर दुसरं कोण, तेही लिहा. मे महिन्यात एकदा रंगीत तालीम घ्या. पहिल्याच तालमीत आम्हाला कळलं, की तिजोरीची दुसरी किल्ली ज्या संचालकांकडे, ते राहतात दत्तनगरात. म्हणजे आमच्या आधी त्यांच्याच घरात पाणी!

कागदासाठी शिपायाला पाण्यात धाडायचं नाही. २०१९ च्याच पुरात लोकांना बाहेर काढताना उलटलेली ब्रह्मनाळची बोट आठवा. कुणी अडकलंच तर १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, फोन.

विमा पॉलिसीत पूर धरलाय का, हे जूनच्या आत वाचा. पाणी ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय बटण दाबू नका. भिजलेली वही ओढून उघडायची नाही. उभी ठेवा, सावलीत पंखा लावा. आणि झाडलोटीच्या आधी फोटो काढा. आमच्या मावशींनी मायेनं भिंती घासून लख्ख केल्या. विम्याचा सर्व्हेअर आला, विचारतो, पाणी कुठवर होतं? शेवटी शेजारच्या किराणा दुकानात नेऊन तिथल्या भिंतीवरची रेघ दाखवली.