मान शिकायची तर आधी बोटांनी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात हेड अँड नेक, म्हणजे डोकं आणि मानेची शरीररचना, सुरू झालं की भल्याभल्यांची दांडी गुल होते. हात-पाय कसेबसे पार पडलेले असतात आणि समोर येते मान. वीतभर जागा, पण श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, थायरॉइड आणि एकमेकींना चिकटून चालणाऱ्या नसा (नर्व्हज) असं सगळं तिथेच कोंबलेलं. कोल्हापुरात मेडिकलला नवीन आलेले ज्युनिअर दरवर्षी हाच प्रश्न घेऊन येतात, "दादा, मान करायची कशी?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पुस्तक मिटा आणि स्वतःच्या गळ्याला हात लावा.

हनुवटीखालून मधोमध बोट खाली न्या. पहिलं हाड लागेल ते हायॉइड. त्याखाली थायरॉइड कार्टिलेज, म्हणजे पुरुषांच्या गळ्यात पुढे आलेला उंचवटा. आणखी खाली एक छोटा खळगा आणि मग क्रिकॉइडची कडक कडी. तो खळगा नीट ओळखून ठेवा, कारण तिथे क्रिकोथायरॉइड मेम्ब्रेन, म्हणजे या दोन कूर्चांमधला पातळ पडदा, आहे. घशात काही अडकून श्वास पूर्ण बंद झाला आणि दुसरा उपाय उरला नाही, तर डॉक्टर तिथूनच वाट काढतात. क्रिकॉइडची पातळी सहाव्या मानेच्या मणक्याची. स्वरयंत्र संपून श्वासनलिका आणि घसा संपून अन्ननलिका सुरू होते ती इथेच. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे हमखास विचारतात.

आता बाजूला या. मानेचं सगळं राजकारण स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड या एका स्नायूभोवती फिरतं. पुढचा त्रिकोण आणि मागचा त्रिकोण ही वाटणी त्याचीच. तो पाहायला कोल्हापुरासारखं गाव नाही. माझा आतेभाऊ तालमीत जातो. सकाळी मेहनत झाल्यावर त्याला समोर बसवायचो, हनुवटीच्या डाव्या बाजूला तळहात लावायचो आणि म्हणायचो, "ढकल आता डावीकडं." उजव्या बाजूचा स्नायू कानामागून छातीपर्यंत दोरखंडासारखा ताठ उभा राहायचा. उजवा स्नायू तोंड डावीकडे वळवतो, हे त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही. खाली त्याची दोन टोकं वेगळी होतात, एक छातीच्या हाडाला आणि दुसरं हासळीला. त्या फटीमागे इंटर्नल जुग्युलर व्हेन, म्हणजे डोक्याकडून रक्त खाली आणणारी मोठी शीर, असते. आयसीयूत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, टाकताना सिनिअर तिथेच बोट का ठेवतात, ते मग कळतं. (सराव करताना दोन्ही बाजूंचे कॅरॉटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या, एकाच वेळी दाबू नका. म्हाताऱ्या माणसांवर तर प्रयोग नकोच.)

मागच्या त्रिकोणात बरीच नावं आहेत, पण सगळ्यांत आधी एकच नस धरा: स्पायनल ॲक्सेसरी. त्या स्नायूच्या मागच्या कडेच्या मध्याच्या जरा वरून ती बाहेर पडते आणि तिरकी ट्रॅपेझियसकडे, म्हणजे मानेमागून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूकडे, जाते, तीही अगदी वरच्या थरातून. तपासणीसाठी गाठ काढताना ती दुखावली, तर खांदा उतरतो आणि हात डोक्याच्या वर नेणं अवघड होतं. केस विंचरायचीही पंचाईत. ऑपरेशनची चिरी एवढीशी, पण नस कुठून जाते हे माहीत नसेल तर त्रास जन्माचा. मला शरीररचनेचं महत्त्व पटलं ते असल्या गोष्टींमुळे. नुसत्या सीमारेषा पाठ करून तसं काही होत नाही.

पुढे क्लिनिक्स सुरू होतील, तेव्हा सीपीआरच्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या, सर्जरी ओपीडीत डोळे उघडे ठेवून बसा. गळ्याशी लिंबाएवढी गाठ घेऊन एक आज्जी आल्या होत्या. "दुखत न्हाई म्हणून बघिटलं न्हाई," एवढाच त्यांचा इतिहास. त्यांना घोटभर पाणी तोंडात धरायला सांगितलं. मागे उभं राहून गाठीवर हलकी बोटं ठेवली आणि म्हटलं, "आता गिळा आज्जी." गाठ बोटांखालून वर सरकली आणि परत खाली आली. थायरॉइड स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला बांधलेला असतो, म्हणून गिळताना त्यांच्याबरोबर वर जातो. जीभ बाहेर काढल्यावरही गाठ वर गेली, तर थायरोग्लॉसल सिस्टचा, म्हणजे थायरॉइड जिभेकडून खाली उतरल्याच्या वाटेवर उरलेल्या पाण्याच्या गाठीचा, विचार करायचा. याच पेशंटला आवाज बदलला का, हेही विचारायचं. स्वरयंत्र हलवणारी रिकरंट लॅरिंजिअल नस ग्रंथीच्या मागे चिकटूनच जाते. डावीकडची महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या) कमानीला वळसा घालून वर येते, त्यामुळे छातीतल्या आजारातही आवाज बसू शकतो.

आपल्याकडे तंबाखू मळणारे कमी नाहीत. अशा माणसाच्या जबड्याखाली किंवा मानेत टणक गाठ लागली, तर आधी टॉर्च घेऊन तोंड बघा. गालाची आतली बाजू आणि जिभेची कड सोडू नका. डाव्या हासळीवरची गाठ मात्र वेगळी कथा सांगते. पोटाकडून लिम्फ वर आणणारी थोरॅसिक डक्ट तिथे शिरेला मिळते, म्हणून पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण कधी कधी तिथे सापडते.

फॅशिया, म्हणजे मानेतल्या अवयवांभोवतीचे पातळ पडदे, शेवटी करा. आधी केलात तर कंटाळून सगळी मानच सोडून द्याल. सहाव्या मणक्याच्या पातळीचा आडवा छेद रोज हाताने काढा, रंगीत पेन्सिली लागत नाहीत. घशामागची जागा खाली छातीपर्यंत उघडी आहे आणि तिथला पू त्या वाटेने उतरू शकतो, हे त्या चित्रात बोट ठेवून दाखवता आलं की फॅशियाचा व्हायव्हा निघतो.