कबड्डी खेळून झाली, आता शिकवायचंय? खान्देशातल्या खेळाडूंसाठी

तालुक्याला, जिल्ह्याला खेळलात, कदाचित उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची जर्सीही अंगावर घातलीत. आता गुडघा कुरकुरतोय, नोकरी लागलीय किंवा लग्न झालंय. मैदान मात्र सुटत नाही. मी अमळनेर परिसरात मुलींना कबड्डी शिकवते, म्हणून अशा खेळाडूंचे फोन मला येतात, पारोळ्याहून, चोपड्याहून, शिरपूरहून. प्रश्न एकच असतो: "ताई, शिकवायला सुरुवात कुठून करू?" फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगते तेच इथे सलग लिहिते. मी उजवा कोपरा (बचावाच्या फळीतलं उजवं टोक) खेळायचे, त्यामुळे उदाहरणं बचावाचीच जास्त येतील.

खेळणं थांबेपर्यंत वाट बघू नका. संघात आहात तोवरच प्रशिक्षकाच्या शेजारी बसायला लागा. राखीव म्हणून बाहेर बसायची वेळ आली तर तोंड पाडू नका, शिकायला त्यापेक्षा चांगली जागा नाही. एक वही करा. समोरच्या संघाची पहिली चढाई कोण करते, कोणत्या बाजूने आत शिरते, बोनस (जादा गुण) घेताना कोणता पाय पुढे टाकते, गुण न मिळालेल्या दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीला, जिथे गुण घ्यावाच लागतो, कुणाला पाठवतात, एवढंच लिहायचं. हंगाम संपेपर्यंत तुमची नजर बदललेली असते.

मी फावल्या वेळात रग्बी लीगचे सामने बघते. उत्तर इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात रुजलेला हा खेळ. एका बाजूला 13 जण, चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून अडवायचं, सहा वेळा अडवलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे. पकड हाच त्या खेळाचा जीव आहे, म्हणून आपल्याला त्यातून घेण्यासारखं खूप आहे. तिथला क्रेग बेलामी कॅनबेरा रेडर्सकडून खेळला. पुढे ब्रिस्बेन ब्राँकोसमध्ये वेन बेनेट यांच्या हाताखाली काही वर्षं सहायक म्हणून राबला आणि मगच, 2003 मध्ये, मेलबर्न स्टॉर्मचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्यानंतर दोन दशकं तो त्याच संघापाशी टिकला. बेनेट हेसुद्धा क्वीन्सलंडच्या पोलिसांत नोकरी केलेले खेळाडू, आणि पुढे त्या खेळातले सगळ्यात मोठे प्रशिक्षक ठरले.

म्हणून पहिलं वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काढा. शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात असू द्या. मैदान आखणं, हजेरी घेणं, लहान गटाचा व्यायाम करून घेणं, गाडीची व्यवस्था बघणं ही कामं आपणहून मागून घ्या. संघ चालतो तो याच कामांवर, आणि चांगल्या खेळाडूला नेमकी हीच माहीत नसतात.

आता मुख्य गोष्ट. चांगला खेळाडू शिकवायला उभा राहिला की स्वतःचा खेळ शिकवायला लागतो. आपली हनुमान उडी, आपली डुबकी, आपला चवडा. पण तुमच्या शरीराने जे वर्षानुवर्षं आपोआप केलं, ते समोरच्या बारा वर्षांच्या पोरीला शब्दांत कसं सांगणार? त्यासाठी स्वतःची हालचाल उसवून बघावी लागते. कोपऱ्याची चवडा पकड, म्हणजे घोट्याला धरणं, घ्या. नवा प्रशिक्षक सांगतो, "झडप घाल, घट्ट धर." पोर झडप घालते, हातात माती येते, चढाईवाली मध्यरेषेपलीकडे.

मुलींच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईवालीने ओलांडायचीच ती) 3 मीटरवर, तिच्या पुढे 1 मीटरवर बोनस रेषा, आणि मागे उरते 2 मीटरची पट्टी. कोपरा त्या पट्टीत उभा असतो. बोनस मिळायचा तर चढाईवालीचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. म्हणजे तेवढ्या क्षणापुरतं तिचं सगळं वजन एका पायावर असतं. कोपऱ्याची वेळ तीच. त्याआधी सुटलात तर ती पाय टाकणारच नाही, उशीर केलात तर दुसरा पाय टेकून ती मागे उडी घेईल.

हे असं शिकवा. बोनस रेषेपलीकडे फक्कीने पावलाएवढा गोल काढा. एका पोरीला चढाईच्या चालीने येऊन त्या गोलात पाय टाकायला लावा, अगदी सावकाश. कोपऱ्यावरच्या पोरीने पकड करायचीच नाही. मागचा पाय उचलला की फक्त टाळी वाजवायची. टाळी वेळेवर पडायला लागेपर्यंत हेच. मग टाळीऐवजी एक पाऊल आत. मग एक गुडघा टेकून बसणं. हाताचं काम सगळ्यात शेवटी: एक हात टाचेमागून, एक घोट्यावरून, आणि खांदा तिच्या नडगीला चिकटलेला. मी सरावात सारखी ओरडत असते, "पाय देख, हात नको देखू!" हात फसवतात, चेहरा फसवतो. वजन कोणत्या पायावर आहे ते मात्र लपत नाही. कंबरपकड, साखळी (हात धरून केलेली पकड), ब्लॉक, सगळं याच पद्धतीने सुटं करून शिकवता येतं. त्याचा तपशील इथे देत नाही, एक पकड नीट उसवता आली की बाकीच्या तुमच्या तुम्हाला जमतील.

तुमच्यासारखी खेळणारी पोर तुम्हाला क्वचितच मिळेल. उंच, सडपातळ पोरीला खाली वाकून चवडा धरायला लावू नका, तिला साखळीत मध्ये घ्या, तिचे लांब हात तिथे कामाला येतात. बुटकी, बसकी पोर कोपऱ्यात सोनं. खेळणं वेगळं आणि दुसऱ्यांना घडवणं वेगळं, पण ते जमतं, याची उदाहरणं आहेत. मनप्रीत सिंग यांनी 2016 मध्ये पाटणा पायरेट्सचे कर्णधार म्हणून प्रो कबड्डी जिंकली आणि 2024 मध्ये हरियाणा स्टीलर्सचे प्रशिक्षक म्हणून पुन्हा जिंकली, तीही अंतिम सामन्यात त्याच पाटण्याला हरवून. बी. सी. रमेश यांनी बंगाल वॉरियर्स आणि पुणेरी पलटण अशा दोन वेगळ्या संघांना विजेतेपद मिळवून दिलं. आणि आपल्या शेजारच्या नाशिकच्या शैलजा जैन! 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी घडवलेल्या इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवून सुवर्ण घेतलं. भारत हरला याचं वाईट वाटलंच. पण आपल्या बाजूची बाई परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या मुलींना शिकवून तिथवर नेते, हे मी माझ्या प्रत्येक नव्या बॅचला सांगते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. शालेय स्पर्धेपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं एका फाइलीत ठेवा. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते कार्यालय नाशिकला आहे. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच करून घ्या. शाळेत कायम काम हवं असेल तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागेल. प्रशिक्षक म्हणून पुढे जायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा सगळीकडे मानला जातो. वर्षभर घर सोडणं शक्य नसेल तर त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. त्या-त्या वर्षी कबड्डी कोणत्या केंद्रावर आहे ते अर्ज भरण्याआधी बघून घ्या. आणि माझा आग्रह आहे, पंच परीक्षा द्याच. नियम पाठ असलेल्या प्रशिक्षकाचा संघ लॉबीतल्या (मैदानाच्या कडेच्या पट्टीतल्या) एका पावलावरून सामना घालवत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. पहिली काही वर्षं यावर घर चालणार नाही. शाळेचं मानधन, खाजगी अकादमीचे वर्ग, उन्हाळी शिबिर असं जोडून जोडून करावं लागतं. खेलो इंडियाच्या केंद्रांवर माजी खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून मानधन मिळण्याची सोय आहे, तुमची कामगिरी त्यात बसते का ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. फुकट मात्र शिकवू नका. पोरींकडून नसेल घ्यायचं तर संस्थेकडून घ्या, ग्रामपंचायतीकडून घ्या, पण घ्या. रग्बी लीग हा खेळच मुळी या प्रश्नातून जन्मला. उत्तर इंग्लंडातले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला जायचे आणि त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं त्यांच्या क्लबांचं म्हणणं होतं, रग्बीच्या वरच्या मंडळींना ते मान्य नव्हतं. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात त्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली.

मजुरीचा हा प्रश्न आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे उभा राहतो. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. "आमनी पोर खेळाले गई ते कापूस कोन येची?" असं आई विचारते तेव्हा तिला खेळाचं महत्त्व समजावत बसू नका. तिचं म्हणणं खरं आहे. आम्ही वेचणीच्या दिवसांत सराव पहाटेवर आणतो, उजाडायच्या आत सुरू आणि सातला सुट्टी, म्हणजे पोर घरच्यांबरोबर शेतात पोहोचते. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीप्रमाणे वाढीव क्रीडा गुण मिळतात, हे वडिलांना नियमाचा कागद दाखवून सांगा. त्यावर बरीच दारं उघडतात.

उन्हाळ्याचं तंत्र वेगळं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, सकाळी आठनंतर मैदानावर कुणी दिसता कामा नये. अखाजीला (अक्षय तृतीयेला) सासरहून माहेरी आलेल्या जुन्या खेळाडू असतात, त्यांना दोन दिवस मैदानावर बोलवा. लहान पोरी त्यांच्याकडून जे उचलतात ते आपल्याकडून उचलत नाहीत. मैदान पाऊस सुरू व्हायच्या आधी तयार करा. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात पायाला लोण्यासारखी चिकटते, म्हणून पोयट्याची माती आणून, चाळून, खडे-काचा वेचून, त्यात लाकडाचा भुसा मिसळून पसरायची. वरच्या पातळीवरचे सामने मॅटवर होतात. मातीवर अनवाणी शिकलेली पोर मॅटवर बूट घालून पहिल्यांदा वळते तेव्हा गुडघा धोक्यात असतो, म्हणून स्पर्धेआधी जिथे मॅट असेल तिथे नेऊन दोनचार सराव करवा. खाण्यासाठी डब्यांच्या भुकट्यांच्या मागे लागू नका. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, शेंगदाणे, केळी, जमलं तर अंडी. रावेर-यावलची केळी देशभर जातात, ती आपल्या पोरींच्या डब्यात का नसावीत?

डोक्याच्या माराबाबत कडक राहा. मांडी किंवा कंबर पकडताना डोकं चढाईवालीच्या पाठीमागच्या बाजूला गेलं पाहिजे, गुडघ्यासमोर कधीच नाही. हे पहिल्या दिवसापासून. डोक्याला मार लागून पोर गोंधळली, चक्कर आली, तर त्या दिवशी ती परत मैदानात उतरणार नाही आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सरावालाही येणार नाही. रग्बी लीगमध्ये अशा खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात, सामना केवढाही मोठा असो. आपल्याकडे पाणी मारून परत उभं करतात. तुमच्या संघात हे होऊ देऊ नका, अंतिम सामना असला तरी.

मुलींचा संघ पुरुष प्रशिक्षकाने घेतला असेल तर मुक्कामाच्या दौऱ्यावर बरोबर एक बाई असलीच पाहिजे, शिक्षिका किंवा कुणाची आई. मुक्कामाच्या जागी संडास, कडी, दिवा आधी स्वतः बघून या. पाळीबद्दल सरळ बोला. पोरी पोटात दुखतंय म्हणून सांगत नाहीत आणि पाणी पिणं बंद करतात.

सामन्याच्या दिवशी कमी बोला. टाइमआउट 30 सेकंदांचा असतो. त्यात एकच सूचना, एकाच पोरीचं नाव घेऊन: "कविता, ती डाव्या पायाने बोनस घेतेय." बाकीचं सगळं सरावात सांगून झालेलं असायला हवं. लोण पडल्यावर, म्हणजे अख्खा संघ बाद झाल्यावर, ओरडू नका. पोरी आत येताना त्यांना फक्त जागा सांगा, कोण कुठे उभी राहील ते.

यंदा सुरू करायचं असेल तर जूनमध्ये शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. 14 वर्षांखालच्या गटापासून सुरुवात करा, 19 च्या मागे लागू नका. सातजणी मैदानात लागतात, पाच राखीव, म्हणजे बाराजणी हव्यात. पहिल्या दिवशी वीस येतील, वेचणीपर्यंत बारा टिकल्या तर तुमचा संघ झाला. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड प्रत्येकीचं जुलैतच गोळा करून ठेवा, कारण तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणाचा ना कुणाचा दाखला मामाच्या गावी राहिलेला असतो.