सात मेगाहर्ट्झची कॉइल: घरी गुंडाळणे आणि मोजणे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर आणि कपॅसिटर हव्या त्या मूल्याचे मिळतात. पण पाच मायक्रोहेन्रीची कॉइल मागितली, तर बहुधा रेझिस्टरसारखा दिसणारा, रंगीत पट्ट्यांचा बारीक चोक हातात पडतो. वीजपुरवठ्याच्या वाटेतील रेडिओ लहरी अडवायला तो ठीक आहे, परंतु ट्यूनिंगच्या सर्किटात त्याचा क्यू, म्हणजे कॉइलमधील तोटा किती कमी आहे याचे माप, अपुरा पडतो आणि रेडिओ शेजारची स्टेशने वेगळी करू शकत नाही. त्यामुळे ४० मीटर बँडचा, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा, रिसीव्हर बांधणाऱ्याने कॉइल स्वतः गुंडाळणेच बरे.

प्रथम किती इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचे मायक्रोहेन्रीतील मूल्य, हवा हे ठरवावे. फ्रीक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये आणि कपॅसिटर पिकोफॅरडमध्ये धरला, तर २५३३० या संख्येला फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने आणि कपॅसिटरच्या मूल्याने भागले असता उत्तर मायक्रोहेन्रीत मिळते. ७.१ मेगाहर्ट्झ आणि १०० पिकोफॅरडसाठी ते ५.०२ येते. वेढे किती घ्यावेत यासाठी हॅरल्ड व्हीलर यांचे १९२८ सालचे सूत्र आजही पुरते. सरासरी त्रिज्येचा वर्ग आणि वेढ्यांच्या संख्येचा वर्ग यांचा गुणाकार करावा. मग त्रिज्येची नऊपट आणि गुंडाळीच्या लांबीची दहापट यांची बेरीज करून तिला २५.४ ने गुणावे आणि पहिल्या गुणाकाराला या संख्येने भागावे. मापे मिलिमीटरमध्ये असली की उत्तर मायक्रोहेन्रीत येते. गुंडाळीची लांबी त्रिज्येच्या ०.८ पटीहून अधिक असेल, तर या सूत्राची चूक एखाद्या टक्क्याच्या आत राहते. आखूड आणि रुंद कॉइलसाठी मात्र त्यावर तितका विश्वास ठेवू नये.

वायरिंगसाठी वापरतात तो २५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, म्हणून चालतो. त्यावर २४ गेजची एनॅमल (वार्निशसारखा लेप दिलेली) तार घेतली, तर तारेची निम्मी जाडी मिळवून सरासरी त्रिज्या १२.८ मिलिमीटर होते. १४ वेढे १४ मिलिमीटर लांबीत बसवले की सूत्रानुसार ४.९५ मायक्रोहेन्री मिळतात. वेढे एकमेकांना चिकटवण्यापेक्षा त्यांत थोडी फट ठेवलेली चांगली, कारण त्यामुळे तोटा घटतो आणि पुढे फेरफार करायला वाव राहतो.

ही फट एकसारखी राखण्याची युक्ती सोपी आहे. एनॅमलसह तार सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असते. तिच्या जोडीला ०.४ मिलिमीटरचा तंगूस धरून दोन्ही एकत्र गुंडाळावेत, म्हणजे दर वेढ्याला बरोबर एक मिलिमीटर जागा लागते. पाइपला दोन्ही टोकांशी दीड मिलिमीटरची दोन-दोन भोके पाडून तारेचे टोक त्यांतून आतबाहेर ओवून घ्यावे. सव्वा ते दीड मीटर तार कापून तिचे दुसरे टोक व्हाइसमध्ये पकडावे, हलका झटका देऊन तिच्यातील मुरड काढावी आणि तार ताणलेली ठेवून पाइप फिरवत व्हाइसच्या दिशेने चालत जावे. पाइप जागेवर ठेवून तारच त्याच्याभोवती फिरवली, तर तिला पीळ पडतो. शेवटचे टोक ओवल्यावर तंगूस काढून घ्यावा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळणाऱ्या बहुतेक तारेचे एनॅमल सोल्डरच्या उष्णतेने जात नाही. ते पॉलिश पेपरने सगळ्या बाजूंनी खरवडावे आणि सोल्डरिंग पाइपपासून दूर करावे, कारण पीव्हीसी लगेच मऊ पडतो.

आता मोजणी. स्वस्त कंपोनंट टेस्टर येथे निरुपयोगी ठरतात, कारण त्यांतील बऱ्याच जणांची इंडक्टन्सची पट्टीच १० मायक्रोहेन्रीपासून सुरू होते. विश्वासाची रीत रेझोनन्सची, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर मिळून कोणत्या फ्रीक्वेन्सीला सर्वाधिक प्रतिसाद देतात ते शोधण्याची. कॉइलला एनपीओ (तापमानाने मूल्य जवळपास न बदलणारा सिरॅमिक) किंवा सिल्व्हर मायका प्रकारचा, शक्य तर एक टक्का अचूकतेचा कपॅसिटर समांतर जोडावा. सिग्नल जनरेटरला तारेचा एक वेढा जोडून तो कॉइलच्या एका टोकाजवळ धरावा. दुसऱ्या टोकाशी तसाच वेढा, जर्मेनियम डायोड आणि मायक्रोअँपमीटर ठेवावे. काटा सर्वाधिक वर जाईल ती फ्रीक्वेन्सी टिपावी. काटा जेमतेम हलेल इतक्या अंतरावर दोन्ही वेढे ठेवावेत. जवळ आणले की काटा जोरात हलतो, पण वाचन सरकते.

एकाच कपॅसिटरवर थांबू नये, कारण कॉइलचे स्वतःचे आणि जोडतारांचे काही पिकोफॅरड त्यात गुपचूप मिसळतात. समजा, १०० पिकोफॅरडवर ६.९८ आणि २२० पिकोफॅरडवर ४.७७ मेगाहर्ट्झ आले. नुसत्या पहिल्या वाचनावरून इंडक्टन्स ५.२० निघतो. पण दोन्ही फ्रीक्वेन्सींच्या वर्गांचे व्यस्त घेऊन त्यांची वजाबाकी केली, तिला २५३३० ने गुणले आणि कपॅसिटरांतील फरकाने, म्हणजे १२० ने भागले, की ४.९४ हे खरे मूल्य हाती येते आणि सुमारे ५ पिकोफॅरडची घुसखोरीही उघड होते. ही सगळी अचूकता अखेर त्या दोन कपॅसिटरांवर अवलंबून आहे. दहा टक्क्यांचा साधा सिरॅमिक वापरून दशांशानंतरचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही. नॅनोव्हीएनए हे हातात मावणारे मापनयंत्र असल्यास काम झटपट होते, मात्र त्याचे कॅलिब्रेशन जोडतारांच्या टोकाशी करावे आणि तो दाखवतो ते मूल्य कॉइलच्या स्वतःच्या कपॅसिटन्समुळे किंचित फुगलेले असते हे ध्यानात ठेवावे.

मूल्य जास्त आले, तर वेढे पसरावेत: १४ मिलिमीटरची गुंडाळी १६ मिलिमीटर केली की इंडक्टन्स सुमारे सात टक्क्यांनी घटतो, तर आख्खा वेढा काढल्यास दहा टक्क्यांनी. जुळणी कॉइल पेटीत बसवूनच करावी, कारण ॲल्युमिनियमची भिंत जवळ आली की इंडक्टन्स उतरतो. निदान कॉइलच्या व्यासाइतके अंतर सोडावे. मनासारखे जमल्यावर थर्माकोल थिनरमध्ये विरघळवून त्याचा पातळ लेप द्यावा, अर्थात उघड्या खिडकीशी आणि आगीपासून दूर.

जागा कमी असेल, तर टी ५०-२ ही लोहचूर्णाची लाल रिंग घ्यावी. तिच्यावर १०० वेढ्यांना ४९ मायक्रोहेन्री मिळतात आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून पाचसाठी ३२ वेढे लागतात. २६ गेजची ६० सेंटिमीटर तार पुरते. तार भोकातून जितक्या वेळा जाईल तितके वेढे मोजावेत, बाहेरून दिसणारे नव्हेत. संगणकाच्या जुन्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या पेटीतून) निघणारी, एक बाजू पांढरी असलेली पिवळी रिंग पाहून पुष्कळांना ती टी ५०-६ या, ट्यूनिंगला चालणाऱ्या पिवळ्या रिंगच्या जातीची वाटते. ती प्रत्यक्षात वीजपुरवठ्यातील चोकसाठी बनवलेली असते आणि सात मेगाहर्ट्झवर तिच्यात इतका तोटा होतो की ट्यून्ड सर्किटात तिचा काही उपयोग नाही.