ड्युटीवर जाताना अंगावरचं दूध पण चालू ठेवायचं तर

बाळंतपणाची रजा संपायच्या दोनेक आठवडे आधीच पंपिंग (पंपाने दूध काढणं) चालू करा. बऱ्याच जणींना सकाळी दूध जास्त असतं, तेव्हा पाजून झालं की तासाभराने काढायचं आणि सुरवातीला तळाशी थोडंसंच आलं तर घाबरू नका, पंपात किती येतं त्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही (हे सासूबाईंना पण सांगून ठेवा). ड्युटीवर दर तीनेक तासांनी काढा, नाहीतर छाती दगडासारखी होते आणि दूधही हळूहळू आटतं.

२५ डिग्रीपर्यंत काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं पण सांगलीच्या एप्रिल-मेमधे तो हिशोब विसरा, लगेच फ्रीजमधे, आत मागच्या बाजूला, दारात नाही, तिथं ४ दिवस राहतं. तारीख टाका. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्ह अजिबात नको. वर साय दिसली म्हणजे नासलं नाही, हलकेच हलवा. उष्टं उरलेलं २ तासांनी फेकायचं, जिवावर येतं पण फेकायचंच.

आजीला बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजता येत असेल तर माझ्या मते बाटलीपेक्षा तेच बरं, धुवायला पण सोपं. बाटलीच असेल तर बाळाला बसतं धरून, बाटली आडवी, मधे मधे थांबत पाजा. घरी आल्यावर मात्र थेट अंगावरच, रात्री पण.