गोव्यातील कारागीर पूर्वजाचा शोध कसा घ्यावा

आपले पणजोबा सुतार किंवा लोहार होते, एवढेच घरात ठाऊक असेल, तर शोधाची सुरुवात वडीलधाऱ्यांना विचारून करावी. मूळ गाव, कुलदेवता आणि आडनाव कधी बदलले काय, हे आधी लिहून ठेवावे, कारण पोर्तुगीज लेखनिकांनी एकाच माणसाचे नाव निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले असते.

गोव्यात 1914 पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नागरी नोंदणी होत आली, आणि माझ्या मते यांपैकी जन्मनोंद सर्वांत मोलाची आहे, कारण तिच्यात बहुधा आईवडिलांबरोबर आजीआजोबांची नावेही असतात, तसेच वडिलांचा धंदा नमूद असतो. हस्ताक्षर लागत नसेल, तर आधी ‘कार्पिंतेइरु’ म्हणजे सुतार, ‘फेर्रेइरु’ म्हणजे लोहार, असे थोडे शब्द ओळखायला शिकावेत. अर्ज तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे करावा. जुन्या नोंदींसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यातही विचारावे.

वारसांमध्ये कोणी अल्पवयीन असेल, तर न्यायालयात मालमत्तेची यादी होत असे. ती हाती लागली, तर घर आणि शेताबरोबरच रंधा, ऐरण किंवा देणेकऱ्यांची बाकीही तीत सापडू शकते. कामाचा माणूस दिसतो तो इथेच.

पेडणे, डिचोली, सत्तरी यांसारख्या नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या भागातील, घराण्यांनी मोडी कागदही तपासावेत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके अर्थातच पहिली पाहावीत.