अमेरिकन साहित्यातलं धैर्य आणि अन्याय : उत्तर लिहिताना या चुका टाळा

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतलं धैर्य आणि अन्याय यावर प्रश्न आला की तिसातल्या पंचवीस उत्तरपत्रिकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : अ‍ॅटिकस फिंच हा धैर्याचा मूर्तिमंत पुतळा आहे. वाक्य गाईडमधलं आहे आणि चुकीचंही नाही. भानगड पुढे होते. दीड पान पुतळ्याला हार घालण्यात जातं, आणि मयेला या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा खटला ज्याच्यावर चालला आणि वकील अ‍ॅटिकस ज्याच्या बाजूने लढला त्या टॉम रॉबिन्सनच्या वाट्याला 'एक निष्पाप कृष्णवर्णीय' एवढे तीन शब्द येतात. धैर्य भलत्याच्या खात्यावर जमा करायचं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातल्या.

साक्षीचा प्रसंग उघडून बघा. टॉम शपथ घ्यायला उभा राहतो. त्याचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालाय. उजव्या हाताने तो डावा हात उचलून बायबलवर ठेवतो आणि तो घसरून खाली टेबलावर आपटतो. मयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलाय, म्हणजे मारणारा डावखुरा असण्याची शक्यता जास्त, आणि तिचा बाप डाव्या हाताने सही करतो. पुरावा इतका उघड आहे. पण उत्तरात लिहायची खरी जागा याच्या थोडी पुढे येते. तू या मुलीची कामं फुकट का करायचास, असं सरकारी वकील टॉमला खोदून विचारतो. टॉम सांगतो, मला तिची दया यायची. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची दया यावी! ज्यूरीतले बाराही जण गोरे. तोंडातून शब्द निसटल्यावर टॉमलाही आपली चूक कळते. पण त्याआधी त्याने मयेलानेच आपल्याला मिठी मारली हे शपथेवर सांगितलेलं असतं. अलाबामात, 1930च्या दशकात, ते सांगायला काय लागत असेल याचा विचार करा. अ‍ॅटिकसला लोक नावं ठेवतात, त्याच्या मुलांवर हल्लासुद्धा होतो, पण कादंबरी संपते तेव्हा तो घरी मुलाच्या उशाशी बसलेला असतो. टॉम तोवर मेलेला असतो. 'धैर्य कोणी दाखवलं' याच्या जोडीला 'त्यात त्याचं काय गेलं' हा प्रश्न टाकला की उत्तर आपोआप सुधारतं.

टॉम कसा मेला, यावरून मला लगेच कळतं की पुस्तक वाचलंय की नुसता पिक्चर बघितलाय. 1962च्या सिनेमात त्याला दुसरीकडे नेत असताना तो पळतो, पोलीस जखमी करण्यासाठी गोळी झाडतो आणि नेम चुकतो, असं सांगितलं जातं. पुस्तकात तो तुरुंगाच्या आवारात कुंपणावर चढायला धावतो आणि त्याच्या अंगावर गोळ्यांची सतरा भोकं निघतात. एका चुकलेल्या नेमाला अपघात म्हणता येतं. सतरांना म्हणता येत नाही. अन्यायावर लिहायचं असेल तर हा आकडा सोडून चालणार नाही. मिसेस ड्यूबोजचंही तेच. सिनेमात ती ओसरीवर बसलेली खवट म्हातारी एवढीच दिसते. पुस्तकात तिला मॉर्फिनचं व्यसन असतं आणि मरण्याआधी त्यातून सुटायचंच, असा तिने पण केलेला असतो. खरं धैर्य बंदूक हातात धरलेल्या माणसात नसतं, हे अ‍ॅटिकस मुलांना तिच्यावरूनच समजावतो. ही व्याख्या तर सगळेच पाठ करतात. ती जिच्यावरून दिली तीच बाई रस्त्याने जाणाऱ्या फिंचच्या मुलांना ओसरीवरून, तुमचा बाप काळ्यांची वकिली करतो म्हणून घाणेरड्या शिव्या घालत असते, हे मात्र कोणी लिहीत नाही. कादंबरीतली सगळ्यात धैर्यवान बाई अन्यायाच्याच बाजूची निघते. ही अडचण गुळगुळीत करू नका, मार्क तिथेच आहेत.

मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या हकलबरी फिन या पोराबद्दलची ठरलेली चूक अशी : 'हकला गुलामगिरीचा अन्याय उमगतो आणि तो बंड करतो.' त्याला तसं काही उमगत नाही. त्याच्यासोबत तराफ्यावरून पळालेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा कळवणारं पत्र तो जिमच्या मालकिणीला लिहून मोकळा होतो, त्याला हलकंही वाटतं. मग तराफ्यावरच्या रात्री आठवतात. हकची झोपमोड होऊ नये म्हणून जिम आपली पाळी संपल्यावरही पहारा देत राहायचा. हक पत्र फाडतो, पण नरकात जायची तयारी ठेवून. आपण पाप करतोय अशी त्याची पक्की खात्री असते. त्याला जे चर्चमध्ये पुण्य म्हणून शिकवलं तेच अन्यायाचं मूळ होतं, हे वाचकाला दिसतं आणि पोराला दिसत नाही. या फटीतच कादंबरी घडते. 'हकला सत्य समजलं' असं लिहिलंत की ती फट बुजली.

इथेही खातं चुकतंच. शेवटी हकचा दोस्त टॉम सॉयर याला गोळी लागते तेव्हा पळालेला जिम सुटकेवर पाणी सोडून थांबतो, डॉक्टरला मदत करायला लपलेल्या जागेतून बाहेर येतो आणि पकडला जातो. डॉक्टर त्याची स्तुती करतो. त्यावर गावकरी काय करतात? यापुढे त्याला शिव्या देणार नाही, असं ठरवतात. साखळ्या तशाच. दहा वर्षांत हा प्रसंग मला मोजून दोन उत्तरांत भेटलाय.

धैर्य म्हणजे मारामारी, नाहीतर पळून जाणं, हा आणखी एक गैरसमज. तो होतो गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसमुळे. त्याच्या 1845च्या आत्मकथनात सोळा वर्षांचा डग्लस कोव्ही नावाच्या, गुलामांना 'वठणीवर आणणाऱ्या' माणसाशी जवळजवळ दोन तास झुंजतो, आणि त्यानंतर कोव्ही त्याच्यावर चाबूक उगारत नाही. प्रसंग जबरदस्त आहे, वादच नाही. पण हाच साचा घेऊन हॅरिएट जेकब्ज या गुलाम बाईच्या आत्मकथनाकडे गेलात तर हाताला काही लागणार नाही. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी ती नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडंटन गावी आजीच्या घराच्या माळ्यावर लपते. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथे जास्तीत जास्त उंच तिथे तीन फूट. उभं राहता येत नाही. जवळजवळ सात वर्षं. तिथे अंधारात तिच्या हाताला एक गिरमिट लागतं. त्या गिरमिटाने ती फळीला भोकं पाडते, इंचभर लांब-रुंद झरोका करते आणि खाली खेळणारी आपली मुलं बघते. झरोक्यातून रस्त्यावर पहिल्यांदा दिसलेला माणूस मात्र तो मालकच असतो. हे पुस्तक 1861मध्ये टोपणनावाने आलं आणि पुढे कितीतरी वर्षं अभ्यासक ते एका गोऱ्या बाईने रचलेली कादंबरी समजत राहिले. अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी 1980च्या दशकात पत्रं आणि कागदपत्रं लावून ते जेकब्जचंच असल्याचं सिद्ध केलं. म्हणजे इथे खातं चुकवणारे विद्यार्थी नव्हते, प्राध्यापक होते.

सालांचं थोडक्यात. कथा कधीची आणि पुस्तक कधीचं, हे वेगवेगळं मांडा. हकची गोष्ट यादवी युद्धाच्या आधीची, पुस्तक अमेरिकेत आलं 1885मध्ये, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्याला वीस वर्षं झाल्यावर. मॉकिंगबर्ड 1960चं. त्यामुळे 'लेखकाने गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला' हे वाक्य दोन्हीकडे गडबडतं.

आता आपल्याकडची खास चूक : 'टॉम रॉबिन्सन म्हणजे अमेरिकेतला दलित.' तुलनेला माझी हरकत नाही, तिला मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी 1873ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी 1946मध्ये ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताला पत्र लिहिलं. दलित पँथरने 1972मध्ये नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. पण परीक्षेत ही वाक्यं शेवटच्या परिच्छेदात चिकटवलेली असतात, आणि कादंबरीतली यंत्रणा कशी चालते ते गायब असतं. काळ्यांना ज्यूरीवर येऊच न देण्याच्या अलाबामाच्या पद्धतीवर 1935मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं होतं, गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप काळ्या मुलांवर झालेल्या स्कॉट्सबरो खटल्याच्या निमित्ताने. तिथल्या बायका तर ज्यूरीवर 1960च्या दशकापर्यंत नव्हत्या. कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या स्काउटला, अ‍ॅटिकसच्या मुलीला, बापाकडून हे कळतं तेव्हा ती फणकारते. हे आधी लिहा, तुलना नंतर करा.

किरकोळ म्हणावं अशा दोन गोष्टी राहिल्या. मॉकिंगबर्ड मारणं पाप का, हे स्पष्टीकरण अ‍ॅटिकसच्या तोंडी घालू नका. तो फक्त पाप आहे एवढं म्हणतो, कारण सांगते शेजारची मिस मॉडी. आणि हार्पर ली या बाई आहेत. 'ली आपल्या कादंबरीत म्हणतो' असं यंदाही अकरा जणांनी लिहिलंय.